काळ्या कोटाची निळी कॉलर

कपाच्या काठावर उमटलेला ओठाचा ठसा साधारण अडीच सेंटिमीटर लांब होता. मधे फिकट, दोन्ही टोकांना गडद, आणि ओठाच्या बारीक उभ्या रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. भाचीने कप खिडकीकडे वळवला. उत्तरेची खिडकी, सकाळचे दहा, आकाशात विरळ ढग; रंग बघायला याहून चांगला उजेड मिळत नाही. ठसा लाल नव्हता. लालाच्या घरून निघून जांभळ्याच्या दारात जाऊन उभा राहिलेला असा तो रंग होता, आणि ही वाट त्याला भाचीनेच दाखवली होती.

"काय बघतेस एवढं? माशी पडली का कपात?" दुकानातून आत्याने विचारलं.

"नाही गं. कप विसळतेय."

"विसळायला कप नळाखाली धरतात, मोजपट्टी. खिडकीशी नाही."

मोजपट्टी हे नाव आत्यानेच ठेवलेलं. सात वर्षांची असताना भाचीने घरातल्या सगळ्यांची नाकं पट्टीने मोजून वहीत लिहिली होती, तेव्हापासूनचं. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि भिंतींच्या रंगाच्या कारखान्यात रंग जुळवण्याचं काम करत होती. लोक जुन्या दाराचा ढलपा, फुटकी फरशी घेऊन येत, एकदा तर एका गृहस्थांनी आजोबांच्या छत्रीची मूठ आणली होती, आणि म्हणत, अस्साच हवा. भाची तो नमुना यंत्राखाली धरायची, यंत्र तीन आकडे द्यायचं, आणि मग त्या आकड्यांपर्यंत पोचेस्तोवर ती थेंब थेंब रंग घालत राहायची. या कामाचा पहिला नियम प्रयोगशाळेच्या दारावरच लावलेला होता. रंग नमुन्याशी जुळवायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्याशी नाही. गिऱ्हाइकाचा डोळा ऊन, दिवा, झोप आणि बायकोचं मत यांवर बदलतो; नमुना बदलत नाही.

शनिवारी मात्र ती आत्याच्या दुकानात असायची.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढची गिऱ्हाइकांची: लांब टेबल, शिलाई मशीन, उभा आरसा, आणि भिंतीलगत दांडीवर टांगलेले जुने कोट, फ्रॉक, ब्लाउज. पडद्यामागची खोली आत्याची: शेगडी, मोरी, आणि तीन बाजूंनी दिवे लावलेला छोटा आरसा. लोक आईचे, आजीचे, कधी अनोळखी कुणाचे तरी कपडे घेऊन यायचे आणि आत्या ते रोज वापरता येतील असे करून द्यायची. खांदे उतरवायची, कंबर आत घ्यायची, बाही कोपराच्या वर आणायची. तिचं एक सूत्र होतं आणि ती ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची: "अंगावर एका वेळी जुनी गोष्ट एकच. दोन झाल्या की माणूस नाटकात काम केल्यासारखं दिसतं, आणि तीन झाल्या की तिकीट लावावं लागतं."

त्यामुळे ठिपक्यांचा फ्रॉक घेणारीला ती केस मोकळे सोडायला लावी, आणि जुन्या पद्धतीने केसांची गुंडाळी करून हवी असणारीला साध्या पांढऱ्या शर्टावर पाठवी. शनिवारी संध्याकाळी औषधांच्या दुकानातली मुलगी, जवळच्या शाळेतली बाई अशा चारदोन जणी शिकायला येत. डोळ्यावरची रेघ कशी ओढायची, हा मुख्य विषय. "डोळ्याच्या कोपऱ्यातून निघायचं, भुवईच्या टोकाकडे तोंड करायचं, आणि काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी झाली की थांबायचं. थांबता आलं पाहिजे. ओढता कुणालाही येतं."

आत्या अडुसष्ट वर्षांची होती. तिची स्वतःची रेघ अजूनही काडीच्या गुलाएवढीच होती, भुवया कमानीसारख्या बारीक, आणि ओठ, तिच्या हिशेबी, लाल. सारी गल्ली तिला मॅडम म्हणे. काकू म्हणणाऱ्याला ती कापडाचा तुकडाही दाखवत नसे.

त्या लाल ओठांचाच सगळा घोळ होता.

आत्या वयाच्या विसाव्या वर्षापासून एकच लिपस्टिक लावत आली होती. सहा वर्षांपूर्वी कंपनीने तो रंग बंद केला. आत्याने चार दिवस सुतक पाळल्यासारखं केलं, तेव्हा भाची म्हणाली, दे इकडे. शेवटच्या कांडीतला उरलेला तुकडा तिने काडीने खरवडून काढला, त्याचा एक पट्टा पांढऱ्या पुठ्ठ्यावर ओढला, यंत्राखाली धरून आकडे घेतले आणि पुठ्ठा काळ्या पाकिटात बंद करून ठेवला. हा नमुना. मग स्वयंपाकघरात मेण, एरंडेल आणि ओठांना चालणारे रंग एकत्र वितळवून तिने पहिली खेप केली. आत्याने ओठांवर फिरवली, आरशात पाहिलं, आणि भाचीचा गालगुच्चा घेतला. तो गालगुच्चा भाचीला कारखान्यातल्या कुठल्याही बढतीपेक्षा गोड वाटला होता.

आठ खेपा बिनबोभाट झाल्या. नवव्या खेपेला आत्या म्हणाली, "केशरी मारतोय गं जरा. थोडा गार कर." भाचीने निळ्याचे दोन थेंब वाढवले. दहाव्या खेपेला आणखी दोन. अकराव्या खेपेला आत्या पुन्हा म्हणाली, केशरी, आणि त्या दिवशी भाचीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रंग केशरी नव्हता. आत्याच्या डोळ्यातलं भिंग पिवळं पडत चाललं होतं.

मोतीबिंदू आहे हे दोघींनाही माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत आहे, काढून घ्या. आत्या म्हणाली, घेते की. मग थंडी संपू दे झालं, मग लग्नाचे कपडे आहेत चार जणींचे, मग मशीनचा पट्टा बदलायचाय, जणू पट्टा बदलायला डोळे मिटावे लागतात. भाची दर महिन्याला विषय काढायची आणि आत्या दर महिन्याला तो घडी घालून ठेवून द्यायची. पिवळ्या भिंगातून निळा रंग आत शिरत नाही. लाल केशरीकडे झुकलेला दिसतो, पांढरा सायीसारखा, आणि गडद निळा सरळ काळा. हे भाची पुस्तकात शिकली होती. तरी तिने बाराव्या खेपेलाही निळ्याचे दोन थेंब घातले. कारण आत्याने आरशात पाहून मान डोलावली, आणि तिला ते डोलावणं हवं होतं. नमुन्याचं पाकीट तिने त्यानंतर उघडलंच नाही.

एवढ्यावर ती थांबली नाही. दर शनिवारी लवकर येऊन ती दोऱ्याची रिळं नीट लावायची. काळी एका खणात, गडद निळी दुसऱ्या खणात, तपकिरी तिसऱ्यात. खणांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या होत्या, आणि आत्याने विचारल्यावर "धुळीने रिळं ओळखू येत नाहीत" असं ठोकून दिलं होतं. कापडाच्या तुकड्यांचीही तीच व्यवस्था. आत्याला काही कळू नये आणि कुठे चुकूही नये, अशी ती सोय होती.

मागच्या शनिवारी कारखान्यात तपासणीवाले आले आणि भाचीला येता आलं नाही. एकच शनिवार.

*

दहा वाजून वीस मिनिटांनी दारावरची घंटा वाजली आणि ड्रायव्हरबाई आत आली. ती सात नंबरची बस चालवायची. तिशीतली, उंच, आवाज मोठा. इंजिनच्या वर बोलायची सवय झालेली. अंगात तिच्या आईचा काळा लोकरी कोट होता. जुनी कॉलर कसरीने खाल्ली होती म्हणून तिने तो आत्याकडे आणून टाकला होता आणि बुधवारी नवी कॉलर लावून घेऊन गेली होती.

"मॅडम, हात द्या तुमचा! मुका घ्यायचाय त्याचा."

"आधी पाय पूस. काय झालं?"

"काय झालं काय? डेपोत नुसता धुमाकूळ झालाय. जी ती विचारतेय, कुठून आणलास, कुणी केला. मी तर म्हटलं, आमच्या मॅडमचं डोकं आहे ते. काळ्या कोटाला निळी कॉलर! कुणाला सुचेल का सांगा?"

आत्याच्या हातात कात्री होती. कात्रीचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं.

"निळी," आत्या म्हणाली. तो प्रश्न नव्हता आणि उत्तरही नव्हतं.

"मलाही आधी कळलं नाही हं. इथे दिव्याखाली काळीच वाटली. गुरुवारी सकाळी पहिली फेरी घेऊन निघाले, पुलावर ऊन आलं, आरशात बघते तर काय, गळ्याभोवती गडद निळा पट्टा! सावलीत काळी, उन्हात निळी. मागच्या सीटवरच्या आजीबाई म्हणाल्या, पोरी, तुझी कॉलर रंग बदलते. मुद्दाम केलंत ना असं?"

भाची पडद्यापाशी ओला कप हातात घेऊन उभी होती. तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने कात्री मिटली.

"मुद्दाम," आत्या म्हणाली. "मुद्दामच केलं."

"बघा! मी म्हटलंच त्यांना. तर आता ऐका, माझ्या दोन मैत्रिणींना अशीच पाहिजे. एक तिकीट तपासते आणि एक माझ्यासारखीच, बारा नंबरवर. दोघींकडे जुने काळे कोट आहेत. कापड हेच, निळा हाच, एका धाग्याचाही फरक नको म्हणतायत. आणू का दुपारी? चारला सुटतो आम्ही."

"आण," आत्या म्हणाली.

"आणि मॅडम, आज ओठ जरा जास्तच थंड दिसतायत बरं का. स्वेटर घाला." घंटा वाजवत ड्रायव्हरबाई गेली.

आत्या टेबलाखाली वाकली, कापडाच्या तुकड्यांची टोपली ओढून काढली आणि त्यातून दोन तुकडे घेऊन दाराशी गेली. बाहेर लख्ख ऊन होतं. दोन्ही तुकडे तिने हातभर लांब धरले, मग नाकाशी आणले, मग पुन्हा लांब.

"मोजपट्टी."

"हं."

"खरं सांग. यातला निळा कुठला?"

"डावीकडचा."

"मला दोन्ही काळे दिसतायत." आत्याचा आवाज अगदी साधा होता, घरात साखर संपलीय असं सांगावं तसा. "उन्हातसुद्धा."

भाचीने कप खाली ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून ती म्हणाली, "तिला आवडली ना पण. डेपोभर कौतुक झालं."

"तिला आवडणं वेगळं आणि मी करणं वेगळं. अठ्ठेचाळीस वर्षं सुई धरतेय. बाही वाकडी बसली तर वाकडी बसली म्हणून सांगितलंय, उसवून दिलीय. आज पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या तोंडावर खोटं बोलले. आणि किती पटकन बोलले!" ती आत आली, रिळांच्या खणांपाशी उभी राहिली, चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. "या चिठ्ठ्या धुळीसाठी नव्हत्या."

"नाही."

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"बरं," आत्या म्हणाली. मग एकदम तिचं बोट खणावरून उचललं गेलं आणि स्वतःच्या ओठांवर गेलं. "थंड दिसतायत म्हणाली ती. स्वेटर घाला म्हणाली. मोजपट्टी, माझे ओठ कुठल्या रंगाचे आहेत?"

कारखान्यात याचं उत्तर तीन आकड्यांत देता आलं असतं. भाचीने एका शब्दात दिलं. "जांभळे."

"किती जांभळे?"

"बऱ्यापैकी."

"अगं माझे आई!" आत्या खुर्चीत बसली. "म्हणून शाळेतली ती बाई मला दर शनिवारी विचारते, तब्येत बरी आहे ना. मला वाटायचं, किती माया करते पोर! आणि तो पोस्टमन, श्वास लागतो का म्हणाला. मी म्हटलं, तुम्हाला बघून लागतो. दीड वर्ष मी गल्लीतून बुडून वर काढल्यासारखी फिरतेय आणि तू, तू, सगळ्या घराण्यात एकटी शिकलेली, तू बघत बसलीस?"

"तू म्हणायचीस केशरी मारतोय."

"मी काहीही म्हणेन! मला दिसत नाहीये!"

"तू आरशात बघून खूश व्हायचीस," भाची म्हणाली. "मला तेच हवं असायचं. मी नमुना सोडला आणि तुझ्या डोळ्याशी जुळवत गेले."

"कारखान्यात असं केलं असतंस तर?"

"काढून टाकलं असतं."

"मग मीही टाकते काढून. जा घरी."

भाची गेली नाही, आणि आत्याचीही तशी अपेक्षा दिसली नाही. ती तरातरा पडद्यामागे गेली. मोरीवर पाण्याचा आवाज सुरू झाला, साबणाची वडी निसटून पडल्याचा, आणि त्यानंतर तोंडातल्या तोंडात बडबड: दीड वर्ष म्हणे, पोस्टमन म्हणे, श्वास म्हणे.

भाची रिळांकडे बघत बसली. मदत म्हणून जे जे केलं ते ते तिला आता एकेक करून दिसत होतं. चिठ्ठ्या नसत्या तर आत्या दीड वर्षापूर्वीच चुकली असती. निळे थेंब नसते तर दीड वर्षापूर्वीच आरशाने तिला सांगितलं असतं. आत्याच्या टाळाटाळीला भक्कम टेकू दिला होता तो हिनेच, आणि वर दर महिन्याला शहाणपणाने विचारत होती, मग कधी करायचं ऑपरेशन? कोट बिघडला तर बिघडला. पण आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर मशीनच्या सुईखाली कापडाऐवजी बोट गेलं असतं, दुकान बंद झालं असतं, आणि दुकानाशिवाय आत्या म्हणजे काय, याचा विचार तिला करवेना.

पाणी थांबलं.

"आत्या?"

"आत येऊ नकोस."

"भीती वाटते का तुला? ऑपरेशनची?"

"वीस मिनिटांचं ऑपरेशन. घाबरायला वेळ तरी मिळतो का?"

"मग?"

पडद्याआडून नळ घट्ट पिळल्याचा आवाज आला. "डॉक्टर म्हणाला, महिनाभर डोळ्यांना काही लावायचं नाही. रेघ नाही, पेन्सिल नाही, पावडर नाही. मग दुसरा डोळा, म्हणजे आणखी एक महिना. मी विचारलं, भुवयांना? तर हसला. म्हणाला, आजी, भुवया आहेत तशा राहू द्या." आणि वर म्हणाली, "आहेत तशा म्हणे. आहेत कुठे?"

"म्हणजे?"

पडदा सरकला.

भाचीने हा चेहरा कधी पाहिला नव्हता. आजारपणात नाही, प्रवासात नाही, दोघी एका खोलीत झोपल्या तेव्हाही नाही. आत्या सगळ्यांच्या आधी उठायची आणि दिवा मालवल्यावर तोंड धुवायची. भुवयांच्या जागी फक्त दोन गुळगुळीत उंचवटे होते, डाव्यावर तीन केस, उजव्यावर एक. पापण्या उघड्या, ओलसर, गुलाबी. ओठ रंगाशिवाय अर्धेच होते. कपाळ मोठं आणि मोकळं.

"तरुणपणी दोऱ्याएवढ्या भुवयांचा जमाना होता," आत्या म्हणाली. "दहा वर्षं उपटल्या. मग जमाना बदलला, भुवया काही परत आल्या नाहीत. तुझ्या आतोबांनी हा चेहरा लग्नानंतर चार वर्षांनी पाहिला, तोही मला टायफॉइड झाला म्हणून. सकाळी डोळे चोळत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, कोण पाहिजे आपल्याला?"

भाचीला हसू आलं आणि ते तिने आवरलं नाही. आत्याही हसली, पण तिचं हसू लवकर मावळलं.

"हस. पण दोन महिने हा चेहरा घेऊन मी त्या टेबलामागे बसू? पोरी माझ्याकडे बघून शिकायला येतात गं. गिऱ्हाईक कोट माझ्या हातात का देतं? मी दारात उभी राहते तेव्हा त्यांना दिसतं की या बाईला कळतं. हा चेहरा बघून कुणी बटणसुद्धा लावायला देणार नाही. मला माझं मलाच बघवत नाही. बघ तरी, बटाटा सोलल्यासारखी."

भाची बघत होती. कपाळाची रुंदी, डोळ्यांतलं अंतर, डाव्या पापणीचा किंचित खाली आलेला कोपरा. हे मोजमाप तिच्या ओळखीचं होतं.

"तू बाबांसारखी दिसतेस," ती म्हणाली.

भाचीचे वडील म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"काहीतरीच."

"नाही. कपाळ तेच. ही पापणी तीच, डावी. ते चष्मा काढून पुसायचे ना, तेव्हा अगदी असे दिसायचे. मी अकरा वर्षं बघितलं नव्हतं." भाचीचा आवाज जरा हलला म्हणून तिने तो नेहमीच्या जागी आणला. "इतकी वर्षं पेन्सिलीखाली होते की."

आत्या आरशाकडे वळली. चेहरा इतका जवळ नेला की काचेवर वाफ धरली. "दादा?" ती स्वतःशी म्हणाली, आणि लगेच नाक मुरडलं. "तरी मी विचार करतेय, हा टक्कल पडलेला माणूस कोण. एवढ्यासाठीच रंगवत होते बघ." पण ती आरशासमोरून लगेच हटली नाही. ओल्या बोटाने तिने ती डावी पापणी एकदा खालून वर नेली आणि सोडून दिली.

जेवायला दोघींनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. आत्या बिनचेहऱ्याची बसली होती आणि भाचीला पहिल्या पंधरा मिनिटांनंतर त्यात वेगळं असं काही वाटेनासं झालं. हे तिने मनातल्या मनात नोंदवलं, बोलून दाखवलं नाही. ऑपरेशनचा विषयही काढला नाही. दोन वर्षं काढून काय उपयोग झाला होता? चारच्या आत सगळं लावून होईल, असं आत्या तेवढं दोनदा म्हणाली. साडेतीनला तिने छोट्या आरशाचे तिन्ही दिवे लावले, केस मागे बांधले आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

घंटा पावणेचारला वाजली.

"मॅडम! लवकर सुटलो. घेऊन आले दोघींना!"

आत्याच्या हातात पेन्सिल होती. एकही रेघ ओढलेली नव्हती.

"मी सांगते त्यांना थांबायला," भाची कुजबुजली. "दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत एक भुवई होते." आत्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होती. बाहेर तिघी बोलत होत्या. एक म्हणत होती, जरा या उजेडात ये, इथे बघ, इथे दिसते निळी. दुसरी म्हणाली, काय डोकं आहे बाईचं!

आत्याने पेन्सिल बशीत ठेवली. खुंटीवरचा टेप काढून गळ्यात घातला, बांधलेले केस सोडले, आणि पडदा सारून बाहेर गेली.

तिकीट तपासनीस बाईने आत्याच्या मागे पाहिलं, मॅडम अजून यायच्या असतील अशा समजुतीने. ड्रायव्हरबाईने मात्र एकदा नीट बघितलं आणि तोंडभर हसली. "अय्या मॅडम, तुमच्या गालावर खळी आहे! दिसलीच नाही कधी."

"तिच्यावर कर बसतो म्हणून झाकून ठेवते," आत्या म्हणाली. "आण तो कोट. कुणाचा, आईचा?"

"आत्याचा," बारा नंबरवाली म्हणाली.

"मग जपून कापला पाहिजे." आत्याने कोट टेबलावर पसरला, शिवण बोटांनी चाचपली, आतलं अस्तर उलटून बघितलं. खांदे मोजले, गळा मोजला, आकडे मोठ्याने सांगितले. भाचीने लिहून घेतले. मापात अर्ध्या सेंटिमीटरची चूक नव्हती. मग दुसरा कोट. त्याची कॉलर धड होती, पण रुंद, जुन्या घाटाची. ती आतून दुमडून अरुंद करावी लागेल असं आत्याने खडूने दाखवलं. दोघी माना डोलावत होत्या. समोरच्या बाईला भुवया नाहीत, हे एव्हाना त्यांच्या गावीही नव्हतं.

"आणि कापड तेच हं," तिकीटवाली म्हणाली. "तोच निळा."

आत्याने खडू ठेवला. "एक सांगायचंय," ती ड्रायव्हरबाईला म्हणाली. "तुझी कॉलर मी मुद्दाम निळी नाही केली. मी काळीच लावली होती. काळी समजून."

ड्रायव्हरबाईचा हात गळ्याकडे गेला. "म्हणजे चुकून?"

"चुकून. सकाळी तुझ्याशी खोटं बोलले. पाहिजे तर आज बदलून देते, ही माझी भाची कापड काढून देईल. तिला कळतात रंग."

"हात नका लावू!" ड्रायव्हरबाईने दोन्ही हातांनी कॉलर धरली. "चुकून तर चुकून. मी नाही देणार."

"आम्हालाही तीच चूक पाहिजे," बारा नंबरवाली म्हणाली, आणि तिघी हसल्या.

"तीच तर अडचण आहे," आत्या म्हणाली. "चुकून एकदा होतं. ठरवून दोनदा करायचं तर मला निळा दिसला पाहिजे."

"तो दाखवेल की तुमची भाची," तिकीटवाली म्हणाली. "त्यात काय!"

आत्याने भाचीकडे पाहिलं. भाचीला हो म्हणता आलं असतं. अगदी जिभेवर आलं होतं. कापड मी काढून देते, दोरा मी ओवून देते, आत्याला काही त्रास नको. तिने वहीचं पान उलटलं आणि म्हणाली, "मी नाही दाखवणार."

"बघा," आत्या म्हणाली. तिच्या उघड्या चेहऱ्यावर राग, हसू, सगळं एकदम दिसत होतं. लपवायला काही लावलेलंच नव्हतं.

"मग कधी मिळतील कोट?" बारा नंबरवालीने विचारलं. "थंडीच्या आत ना?"

आत्याने टेप गळ्यातून काढला, बोटांवर गुंडाळला, शेवटचं टोक आत खोवलं.

"अडीच महिने लागतील," ती म्हणाली. "सोमवारी मी डॉक्टरकडे जाऊन तारीख घेतेय. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणार आहे मी. आधी उजवा."